बस्ता कोणी बांधायचा?

बऱ्हाणपुरात ‘बस्ता’ हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी ऐकू येतो. शाळेत निघालेल्या पोराच्या पाठीवरच्या पिशवीला हिंदीत बस्ता म्हणतात. पटवारी गावाचे नकाशे, खसरे आणि खतावण्या ज्या गाठोड्यात बांधून ठेवतो तोही बस्ता. मध्य प्रदेशातले पटवारी संपावर जातात तेव्हा तो तहसील कचेरीत जमा करतात. आणि मराठी घरात लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं कापडाच्या दुकानात गाद्यांवर बसून नवरीचा शालू, मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या निवडतात, त्या सगळ्या खरेदीलाही बस्ताच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातला तिसरा अर्थ ओळखीचा असेल. पहिल्यासाठी त्याच्याकडे ‘दप्तर’ आहे. बऱ्हाणपूर खानदेश आणि निमाडच्या सांध्यावर असल्यामुळे तिथे तिन्ही अर्थ शेजारी नांदतात.

तिन्हींचं मूळ एक. फारसीत ‘बस्तन’ म्हणजे बांधणे आणि ‘बस्ता’ म्हणजे बांधलेलं. आत काय आहे, कापड की कागद, हे शब्द सांगत नाही. कोणीतरी काहीतरी एकत्र बांधलं आहे, एवढंच तो सांगतो. संगणकवाल्यांचा एक पंचवीस वर्षांचा वाद वाचताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला. वाद असा: इंटरनेटवरची अनेक पानं एकाच खिडकीत टॅब करून ठेवायची सोय असावी हे सगळ्यांना मान्य आहे, पण हे काम करायचं कोणी? पानं दाखवणाऱ्या ब्राउझरने, की पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांची मांडामांड करणाऱ्या विंडो मॅनेजरने? म्हणजेच, बस्ता कोणी बांधायचा?

वाद वाटतो तितका हवेतला नाही. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर बसलेल्या मुलाचा पडदा पाहिला की तो कळतो. (‘कियोस्क’ हा शब्दही मूळ फारसी. ‘कूश्क’ म्हणजे बागेतला महाल किंवा मंडप. तो तुर्कीतून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत गेला आणि आता टपरीएवढ्या गाळ्याचं नाव होऊन मोगलांच्या या शहरात परतला आहे.) तापीच्या काठचा केळीचा पट्टा राज्याची सीमा पाळत नाही. थोडी जमीन बऱ्हाणपूर तालुक्यात आणि थोडी रावेर तालुक्यात, अशी कुटुंबं इथे आहेत. अशा घरातला कोणी कर्जाच्या अर्जासाठी आला की एका टॅबमध्ये मध्य प्रदेशचं भूलेख उघडतं, दुसऱ्यात महाराष्ट्राचं महाभूलेख, तिसऱ्यात बँकेचं पान. पण आधार कार्डाची स्कॅन केलेली प्रत चित्रं दाखवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असते, अर्ज वर्डमध्ये, हिशेब एक्सेलमध्ये. ब्राउझर फक्त आपल्या पोटातली पानं एका ओळीत लावतो, बाकीच्यांना तो ओळखत नाही. शेतकऱ्याचं काम एकच आहे, पण त्याचे अर्धे कागद ओळीत आणि अर्धे ओळीबाहेर.

आधी शब्द पाहू. ‘खिडकी’ आपण आज बाहेर पाहायच्या जागेला म्हणतो. प्राकृतात तिची रूपं ‘खडक्की’, ‘खडक्किया’ अशी सापडतात आणि अर्थ आहे लहान दार. शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकाचं नाव खिडकी दरवाजा आहे, त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. उर्दूतला ‘दरीचा’ही तसाच घडला आहे: ‘दर’ म्हणजे दार, ‘दरीचा’ म्हणजे छोटं दार. याउलट संस्कृतातला ‘गवाक्ष’ म्हणजे गाईबैलाचा डोळा, आणि इंग्रजीतला ‘विंडो’ जुन्या नॉर्स भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. म्हणजे दोन परंपरा आहेत. एकीत खिडकी डोळा आहे, दुसरीत ती दार आहे. तिकीट खिडकी किंवा सरकारची ‘एक खिडकी योजना’ म्हणताना आपण बोलतो ते दाराच्या परंपरेतलं. तिथे कोणी बाहेरचं दृश्य पाहायला जात नाही, काम करून घ्यायला जातो. संगणकावरची खिडकीही मला त्याच जातीची वाटते. मराठी भाषांतरांत तिच्यासाठी खिडकी, चौकट, पटल आणि सरळ विंडो असे चारही शब्द वापरलेले दिसतात. ‘चौकट’ तर पुन्हा दाराचीच.

‘टॅब’ची गोष्ट वेगळी आहे. कीबोर्डवरचं ‘टॅब’ हे बटण आणि ब्राउझरचा ‘टॅब’ यांचा नात्याने संबंध नाही. बटण आलं टाइपरायटरच्या ‘टॅब्युलेटर’वरून, म्हणजे रकाने पाडणाऱ्या कळीवरून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनचा ‘टॅब्युला’ आहे, लाकडाची फळी. टॅबलेटही त्याच घराण्यातला. (फळीवरून रकान्यांपर्यंतचा हाच प्रवास आपल्या ‘तक्त्या’नेही केला आहे, फारसीत ‘तख्ता’ म्हणजे फळी.) ब्राउझरचा टॅब मात्र इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसणारा एक छोटासा शब्द आहे, कपड्याला किंवा कागदाला जोडलेली धरायची पट्टी. त्याची व्युत्पत्ती कोशकारांना लागलेली नाही. १८९७ साली अमेरिकेत जेम्स न्यूटन गन यांना अशी वर डोकावणारी पट्टी असलेल्या सूचिपत्राचं पेटंट मिळालं आणि हा टॅब कचेरीत शिरला. खणात शेकडो कार्डं उभी असली तरी हवं ते कार्ड त्याच्या पट्टीला धरून उचलता येऊ लागलं.

म्हणजे टॅब हे पानाचं नाव नाही आणि पानांच्या जुडीचंही नाही. ते आहे पकडायच्या जागेचं नाव. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. ‘टॅब असलेला ब्राउझर’ असं म्हणताना आपण दोन वेगळी कामं एका शब्दात कोंबतो. पानाला धरायला पट्टी लावणं हे एक काम, आणि पानांचा एकत्र बस्ता बांधणं हे दुसरं. बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या गावात हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. ठाणावर छाप मारतो तो कापड तयार करणारा, कारण आपला माल त्यालाच ठाऊक असतो. पण कोणत्या ठाणाशेजारी कोणती साडी जाईल हे लग्नघर ठरवतं. दहा ठिकाणचा माल एका बस्त्यात येतो. प्रत्येक गिरणीने ‘आमच्या मालाचा बस्ता आम्हीच बांधणार’ म्हटलं असतं तर बस्ता हा शब्दच उरला नसता.

संगणकाच्या दुनियेत नेमकं तसं घडलं. सुरुवात मात्र वेगळी होती. १९८४ साली एमआयटीत एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू झालं. ती घडवणाऱ्यांनी एक तत्त्व काटेकोरपणे सांभाळलं: चित्र काढायची, खिडकी उघडायची सोय आम्ही देऊ, पण खिडक्या कशा दिसाव्यात आणि कुठे बसाव्यात हे आम्ही ठरवणार नाही. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असेल आणि तो वापरणाऱ्याने निवडावा. हाच विंडो मॅनेजर. लिनक्सवर तो आजही बदलता येतो. विंडोज आणि मॅकवर तो व्यवस्थेतच मुरलेला असतो, म्हणून बहुतेकांना त्याचं वेगळं नावही माहीत नसतं. खिडकीच्या डोक्यावरची पट्टी, ती लहान-मोठी करणं, एकीवर एक रचणं, ही सगळी त्याची कामं.

आता ब्राउझरकडची बाजू. बुकलिंक कंपनीच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरमध्ये १९९४ सालीच टॅब होते, पण तो विस्मरणात गेला. पुढे नेटकॅप्टरने आणि नॉर्वेच्या ऑपेराने एका खिडकीत अनेक पानं ठेवायची सवय लावली, २००१ मध्ये मोझिलात टॅब आले, २००४ च्या फायरफॉक्सने ते घरोघरी नेले आणि २००६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररची सातवी आवृत्ती आली तेव्हा टॅब नसलेला ब्राउझर जुनाट ठरला. २००८ च्या क्रोमने तर टॅबची ओळ पत्त्याच्या चौकटीच्या वर, खिडकीच्या अगदी माथ्यावर नेऊन बसवली. ती जागा तोवर विंडो मॅनेजरची होती. इतर प्रोग्रॅममध्येही टॅब आले ते स्वतंत्रपणे. एक्सेलच्या तळाशी असलेले शीटचे टॅब १९९३ च्या पाचव्या आवृत्तीतले, आणि त्याच्या आधी बोर्लंडच्या क्वात्रो प्रोमध्ये तशीच वहीसारखी पानं होती. बहुतेक हिशेबनिसांनी पाहिलेला पहिला टॅब ब्राउझरचा नसून हाच असेल.

विंडो मॅनेजरवालेही हातावर हात ठेवून बसले नव्हते. फिनलंडच्या तुओमो वाल्कोनेन यांच्या पीडब्ल्यूएममध्ये अनेक खिडक्या एका चौकटीत टॅब करून ठेवता येत. तिथून ही कल्पना फ्लक्सबॉक्स या विंडो मॅनेजरने २००१ च्या सुमारास उचलली. त्यात ब्राउझर, पत्र लिहायचा प्रोग्रॅम आणि हिशेबाचा तक्ता असे तीन वेगळे प्रोग्रॅम एका जुडीत बसत. कियोस्कवरच्या त्या मुलाला हवं आहे ते हेच. लिनक्सवरच्या केडीई या मोठ्या डेस्कटॉपच्या ४.४ आवृत्तीने २०१० मध्ये हीच सोय आणली आणि पुढच्या पिढीत ती काढून टाकली. मायक्रोसॉफ्टने ‘सेट्स’ या नावाने २०१८ मध्ये विंडोज १० च्या चाचणी आवृत्त्यांत वर्डचा कागद आणि वेबपान एका खिडकीत टॅब म्हणून ठेवून पाहिले. २०१९ मध्ये तो बेत गुंडाळला गेला. अँड्रॉइड ५.० आलं २०१४ च्या अखेरीस. त्यात क्रोमचे टॅब फोनवरच्या अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतच मिसळले होते, म्हणजे टॅब सांभाळायचं काम ब्राउझरकडून काढून फोनच्या व्यवस्थेकडे दिलं होतं. तेही पुढे मागे घेतलं गेलं. टिकलं ते मॅकवरचं. २०१६ च्या सिएरा आवृत्तीपासून तिथे कोणत्याही प्रोग्रॅमला व्यवस्थेकडून तयार टॅब मिळतात. पण एका जुडीत एकाच प्रोग्रॅमच्या खिडक्या बसतात, म्हणजे अर्धाच बस्ता.

इतके प्रयत्न मागे पडले त्याला कारणं आहेत आणि ती नीट ऐकली पाहिजेत. ब्राउझरला पानाबद्दल पुष्कळ माहिती असते: त्याचा पत्ता, शीर्षक, ते कोणत्या पानावरून उघडलं, मागे गेलं तर कुठे पोचेल. चुकून बंद केलेलं पान तो परत आणतो. वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ओळ जशीच्या तशी मांडतो. लोडशेडिंग सोसलेल्या गावांना याची किंमत विचारा. विंडो मॅनेजरला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने प्रत्येक खिडकी ही एक बंद चौकट असते आणि तिच्यावर एक नाव. शिवाय शंभर पानांच्या शंभर स्वतंत्र खिडक्या केल्या तर प्रत्येकीबरोबर बटणांच्या पट्ट्याही शंभरदा येणार. फोनवर अडचण वेगळी झाली. अ‍ॅप आणि पानं एकाच यादीत आली आणि माणसांना ‘हे इंटरनेटवरचं, ते फोनमधलं’ हा भेद हवा होता. म्हणून ब्राउझरने टॅब ठेवू नयेत असं मी म्हणणार नाही. पट्टी त्याची आहे आणि ती त्यानेच लावावी. माझा आग्रह फक्त बांधण्याबद्दल आहे.

आणि या बाबतीत आपल्याकडच्या जुन्या कचेऱ्यांचा अनुभव मोठा आहे. १६४९ मध्ये बऱ्हाणपुरात जन्मलेला भीमसेन सक्सेना कारकुनी पेशाच्या कायस्थ घरातला. दख्खनेतल्या मोगल छावण्यांत त्याचं आयुष्य गेलं आणि त्याचा ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ हा फारसी ग्रंथ औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेचं महत्त्वाचं साधन मानला जातो. त्याच्यासारख्यांच्या रोजच्या भाषेतून आपल्याकडे आलेले शब्द पाहा. ‘फर्द’ म्हणजे एकटा, सुटा, आणि त्यावरून सुटा कागद. तो लिहिणारा ‘फर्दनवीस’. त्याचाच आपण फडणीस केला. ‘दफ्तर’ मुळात ग्रीक, ‘दिफ्थेरा’ म्हणजे कातडं, ज्यावर लिहीत. ‘रुमाल’ म्हणजे तोंड पुसायचं कापड, ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारं. तेच कापड कागद बांधायला लागलं आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमाल हे मोजमाप झालं. संशोधक आजही अमुक रुमाल तमुक क्रमांक असंच लिहितात. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे जे पंचेचाळीस खंड काढले, त्यांची सामग्री या रुमालांतली.

उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, बऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले. त्या काळच्या पेशव्यांच्या हुजूर दप्तराची रचना आपल्या प्रश्नाला थेट भिडते. चालते दप्तर फडणिसाच्या नजरेखाली असे. रोजचे हुकूम, हिशेब, सुटे कागद तिथे तयार होत. एकबेरीज दप्तर वेगळं होतं आणि ते कायम पुण्यात राही. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करणं, त्यांची वर्गवारी लावणं, त्यांतून गोषवारे काढणं हे त्याचं काम. ‘एकबेरीज’, एकच बेरीज, हे नावच कामाचं वर्णन करतं. कागद तयार करणारा आणि कागद एकत्र लावणारा ही दोन खाती वेगळी ठेवायची हे त्या कारभाऱ्यांनी अनुभवातून ठरवलं असलं पाहिजे, कारण प्रत्येक खातं आपापला कागद आपल्याच सोयीने लावतं. सातबारा हा शब्दही असाच घडला. गाव नमुना सात मालकी सांगतो, गाव नमुना बारा पिकं सांगतो. दोन वेगळ्या नोंदी, पण शेतकऱ्याला त्या एकत्र लागतात, म्हणून त्या एका कागदावर आल्या आणि लोकांनी दोन आकड्यांचा एक शब्द केला. हा शब्द बांधला तो वापरणाऱ्यांनी.

बांधण्याचा हा अर्थ आपल्या वाचन-लेखनाच्या शब्दांत किती खोल आहे ते पाहण्यासारखं आहे. ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेलं, गाठ मारलेलं. इंग्रजी ‘फाईल’ मुळात लॅटिनचा ‘फिलुम’, म्हणजे दोरा. कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, तो दोरा म्हणजे फाईल. जुन्या पेढ्यांत बिलं टोचून ठेवायची तार असते, ती या अर्थाने अस्सल फाईल. ग्रंथ, फाईल, रुमाल, बस्ता, यांपैकी कोणताही शब्द पानाचं वर्णन करत नाही. सगळे दोऱ्याचं, गाठीचं, कापडाचं वर्णन करतात. कागद ज्याच्या कामासाठी एकत्र यायचे, गाठ त्याच्या कामाप्रमाणे पडायची. संगणकाने ही गाठ साधनाच्या हाती दिली. ब्राउझरची पानं ब्राउझरजवळ, वर्डचे कागद वर्डजवळ. पटवाऱ्याने सगळ्या गावांचे नकाशे एका गाठोड्यात आणि सगळ्या गावांचे खसरे दुसऱ्यात बांधावेत, तशी ही मांडणी आहे. कोणताही पटवारी असं करत नाही. त्याचा बस्ता गावाचा असतो.

म्हणून मला वाटतं की विंडो मॅनेजरवाल्यांचं म्हणणं मुळात बरोबर होतं आणि त्यांच्या हाती मात्र अपुरी माहिती होती. पट्टी ब्राउझरची, गाठ विंडो मॅनेजरची, आणि दोघांमध्ये बोलणं हवं. पानाने आपला पत्ता, शीर्षक आणि मागचा प्रवास विंडो मॅनेजरला सांगावा, म्हणजे वीज गेल्यावर तोही बस्ता जसाच्या तसा उलगडू शकेल. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. अडतं ते मालकीपाशी. आज माणसाचा बहुतेक वेळ ब्राउझरमध्ये जातो आणि ज्याच्याकडे बस्ता त्याच्याकडे माणूस, हे कंपन्यांना कळतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यात हरतो तो कियोस्कसमोर दुपारभर ताटकळणारा शेतकरी.

दरम्यान ब्राउझरांनी आपल्या आतल्या आत जुड्या करायला सुरुवात केली आहे. फायरफॉक्सने २०११ मध्ये अशी सोय दिली आणि काही वर्षांनी काढून घेतली. क्रोममध्ये २०२० पासून टॅबना रंग आणि नाव देऊन त्यांचा गट करता येतो, तो मिटून ठेवता येतो. फार वेळ न पाहिलेली पानं आता ब्राउझर झोपवूनही ठेवतात. हिंदीत एखादं प्रकरण बाजूला टाकलं की ते ‘ठंडे बस्ते में’ गेलं म्हणतात. हा वाक्प्रचार त्या झोपलेल्या पानांना नेमका लागू पडतो.

मराठीत या टॅबच्या गटाला नाव द्यायची वेळ अजून गेलेली नाही. भाषांतरांत ‘टॅब गट’, ‘टॅब समूह’ असे शब्द दिसतात. चुकीचे नाहीत, पण ‘गट’ माणसांचा असतो आणि त्याला क्रियापद लागतं ‘तयार करा’, ‘हटवा’. मी ‘बस्ता’ सुचवेन. पानाला ‘पान’ म्हणावं, पट्टीला ‘टॅब’च राहू द्यावं, तो आता आपलाच झाला आहे, आणि जुडीला ‘बस्ता’. नवा बस्ता बांधा, बस्ता सोडा, या बस्त्यातून त्या बस्त्यात हलवा, थंड बस्ते दाखवा: क्रियापदं आपोआप सापडतात आणि अकोल्यापासून नाशिकपर्यंत कोणाला ती समजावून सांगावी लागणार नाहीत. ज्या दिवशी एखादा विंडो मॅनेजर ब्राउझरचं पान, वर्डचा अर्ज आणि आधारची प्रत एकत्र बांधू देईल, त्या दिवशी त्याच्या मेन्यूतही हाच शब्द बदल न करता चालेल.